तीन सॉफ्टवेअरांची सोयरीक

मोताळ्याच्या आमच्या साडभाऊंना दुसऱ्या कशालाही जोडता येणार नाही, अशी वस्तू ब्रह्मदेवानं अजून घडवलेली नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बसस्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, आणि उरलेल्या वेळात लग्नं जुळवणं. त्यांच्या घरचा कूलर फवारणीपंपाच्या मोटारीवर चालतो, मिक्सरला तीन कंपन्यांची भांडी बसतात आणि टीव्हीच्या रिमोटनं शेजाऱ्याचं फाटक उघडतं. शेजाऱ्याची तक्रार एवढीच, की यांनी बातम्या लावल्या की त्याची म्हैस बाहेर पडते.

धामणगाव बढ्यापासून वरवट बकालपर्यंत एकही गाव त्यांनी दुसऱ्याचं सोयरं केल्याशिवाय सोडलेलं नाही. या अनुभवातून त्यांनी एक सिद्धांत काढला होता आणि तो ते गिऱ्हाइकांना फॉर्म भरता भरता ऐकवत. "दोन सॉफ्टवेअर म्हंजे दोन घरं. एका घरी तिखट खातेत, एका घरी फिक्कं. चूल कोणाचीच बदलू नोका. मधात मध्यस्थ बसवा आन् यादी करा. यादी पटली का सोयरीक झाली." लग्न ठरताना देणंघेणं, मानपान सारं कागदावर उतरवतात, ती ही यादी. आम्ही हसायचो.

मग गेल्या हंगामात सोयाबीन खरेदीचा शेवटचा दिवस उजाडला. केंद्रावर ओलावा मोजायचं एक सॉफ्टवेअर, वजनकाट्याचं दुसरं, शेतकऱ्यांच्या नोंदणीचं तिसरं. एकाचं दुसऱ्याला कळत नसे. एकातले आकडे बघून दुसऱ्यात घालायचं काम एक बाबू एका बोटानं करी, आणि त्या बोटाला घाई ठाऊक नव्हती. ट्रॅक्टरांची रांग एवढी, की तिचं शेपूट पुढच्या तालुक्यात गेलेलं. सहाला नोंदणी बंद होणार होती. माझी ट्रॉली त्या शेपटाच्या टोकाला उभी. वर्षाचं पीक तसंच घरी न्यायची पाळी आली, तेव्हा मी साडभाऊंना फोन केला.

ते सतरंजी, सुपारी आणि दुकानातला जुना कॉम्प्युटर घेऊन आले. तिन्ही ऑपरेटरांना सतरंजीवर बसवलं, सुपारी वाटली आणि बाबूला विचारलं, "तुम्ही कोणाकडचे, काट्याकडचे का नोंदणीकडचे?"

"मी सरकारी हाय," बाबू म्हणाला.

"मंग तुम्ही भटजी. घाई करू नोका, पण झोपू बी नोका."

अर्ध्या तासात यादी झाली. कोण कोणता आकडा देणार, कोण घेणार. तिघांनी आपापली फाईल एकाच फोल्डरात टाकायची, जुना कॉम्प्युटर ती ज्याच्या त्याच्या ताटात वाढणार.

पहिली ट्रॉली धामणगावच्या एका काकांची. काट्यानं वजन किलोत सांगितलं, नोंदणीनं ते क्विंटलात ऐकलं, आणि चाळीस क्विंटलवाले काका पडद्यावर चार हजार क्विंटलचे धनी झाले. काका शांतपणे म्हणाले, "राहू द्या तसंच."

रांगेतून आवाज आला, "काऊन हो मध्यस्थ, नवरदेव लय वजनदार निघाला."

साडभाऊंनी स्वतःचा कान धरला. "चूक माही. यादीत नुसतं पाच लिहिलं, अन् पाच साड्या का पाच तोळे ते लिहिलं नाही, तं मांडवात भांडण होईनच." प्रत्येक आकड्याशेजारी माप लिहायचं कलम यादीत चढलं.

त्यानंतर ट्रॅक्टर असे सुटले, की काही जण पावती घ्यायला थांबायचंच विसरले. बाबूचं बोट नोकरीत पहिल्यांदा खिशात गेलं. पावणेसहाला माझी, म्हणजे शेवटची पावती निघाली, आणि लोकांनी साडभाऊंना रिकाम्या ट्रॉलीत उभं करून भर बाजारातून मिरवलं. वरातीत नवरदेवाच्या जागी मध्यस्थ मी तेव्हाच पाहिला.

यंदाही ती यादी केंद्राच्या भिंतीवर चिकटवलेली आहे आणि तिन्ही सॉफ्टवेअरं गुण्यागोविंदानं नांदताहेत. तरी साडभाऊ रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तिकडे चक्कर मारतात. परवा मी सोबत होतो. म्हटलं, "सारं सुरळीत आहे, मग कशाला जाता?"

"लगन लागल्यावर मध्यस्थाले कोण इचारते, भाऊ? भांडण झालं तवाच आठवण येते. आपणच जाऊन पाहा लागते."

दारात थांबून त्यांनी काट्यावाल्याला हळूच विचारलं, "काही कुरबुर?"

"नाही, काका."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि हातातली सुपारी परत खिशात ठेवून दुकानाकडे वळले.