सिन्सिनाटीवरचं माझं व्याख्यान

मी सहा महिने अमेरिकेत, सिन्सिनाटीला होतो, असं आजही छाती पुढे काढून सांगतो. खरं म्हणजे सहा महिने मी एका खोलीत आणि एका कारखान्यात होतो, आणि या दोन्ही वास्तू सिन्सिनाटीत होत्या, इतकंच.

कंपनीनं यंत्रं शिकायला धाडलं तेव्हा हावडा स्टेशनावर गळ्यात आठ हार पडले होते. तिथं पोचल्यावर मात्र माझी पार गाळण उडाली. लोक काय बोलतात ते कळेना, थंडी हाडांत शिरायची, आणि हॉटेलात मागवलेल्या पदार्थातून काय निघेल याची सदा धास्ती. कारखाना सुटला की थेट खोली गाठायची आणि, आता सांगायला काय हरकत आहे, उशीत तोंड खुपसून रडायचं. पण बायकोला हे कसं लिहिणार? मोठा साहेब होऊन गेलो होतो ना मी! मग तिथल्या स्टेशनावर फुकट मिळालेली शहराची माहितीपुस्तिका कामी आली. दर आठवड्याला त्यातलं एक पान मराठीत उतरवून कलकत्त्याला, बालीगंजच्या घरी पाठवायचं. ओहायो नदी, तिच्यावरचा झुलता पूल, सात टेकड्या, चौकातलं कारंजं. हे शहर डुकरांच्या व्यापारावर गबर झालं, हे पान तेवढं मी गाळलं. आमच्याकडे पत्रं देवघरासमोर वाचली जात.

परतलो तो विद्वान होऊनच. त्या वर्षी कलकत्त्यातल्या आम्हा मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात पुण्याचे व्याख्याते ऐनवेळी काविळीनं आडवे झाले आणि त्यांच्या जागी मला उभं केलं. भाद्रपदाच्या उकाड्यात लोकरी सूट चढवून मी ती पुस्तिका तासभर घडाघडा म्हणून दाखवली. टाळ्या काय पडल्या म्हणता! त्या आवाजानं अध्यक्षही जागे झाले.

मग बेहाला भागात राहणाऱ्या एक काकू उठल्या. शाळेत शिकवायच्या, नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा. त्याला त्याच शहरात कॉलेजात जागा मिळाली होती. होकाराचं पत्र लिहून आठवडा झाला, पण ते टपालात टाकायचा काकूंना धीर होत नव्हता. पर्समध्ये घेऊन हिंडत होत्या.

"पूल नि टेकड्या राहू देत रे," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा तापानं पडला तर तिथं त्याच्या उशाशी कोण बसेल, ते सांग."

पुस्तिकेत हे पान नव्हतं. ठोकून द्यायला मी तोंड उघडलं, पण काकूंनी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"काकू, मी शहर पाहिलंच नाही हो," मी म्हणालो. "हे सगळं पुस्तिकेतलं. मी खोलीत बसून रडत होतो."

मांडवात हशा पिकला. काकू हसल्या नाहीत. "आजारी पडला होतास का कधी?"

पडलो होतो. चांगला फणफणलो होतो. घरमालकीण म्हणजे एक म्हातारी जर्मन बाई. गुडघे धरलेले, तरी तीन दिवस जिना चढून वर येत होती. मी मांस खात नाही म्हणून तिनं दूध-साखर घालून भात केला, अगदी गिचका. कपाळावर ओला रुमाल ठेवून ती आपल्या भाषेत काहीबाही पुटपुटत बसायची. हे सगळं मी काकूंना सांगितलं. अख्ख्या व्याख्यानात माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच होतं.

"त्यांचा पत्ता दे," काकू म्हणाल्या. तो लिहून घेतला आणि जाताना कोपऱ्यावरच्या पेटीत त्यांनी पत्र टाकलं.

ट्राममध्ये बायको खिडकीकडे तोंड करून बसली. मला वाटलं, चारचौघांत शोभा झाली म्हणून चिडली असेल.

"अहो," शेवटी ती म्हणाली, "त्या पुलाची लांबी मला पाठ आहे. आणि तुम्हाला ताप आला होता, हे मला आज मांडवात, सगळ्यांबरोबर कळलं."