हिवाळ्यात भरलेली काडतुसं

डोमा चहारेला पोंभुर्ण्यात सगळे घड्याळजी म्हणत. गावात घड्याळं अशी किती असणार? त्याचं खरं काम काडतुसं भरायचं. लढाईच्या काळात तो जबलपूरकडे एका दारूगोळ्याच्या कारखान्यात होता. तिथून आला तो डाव्या हाताची दोन बोटं गमावून, आणि बंदुकीच्या दारूची पक्की जाण घेऊन. १९५४ साली मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून गेलो, तेव्हा त्याच्या घरातली पुढची खोली मला राहायला मिळाली. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. बोलायचा कमी.

साहेब लोक गेल्यापासून विलायती काडतुसं मिळेनाशी झाली होती. परवान्याच्या रायफली ज्यांच्याकडे होत्या ते झाडलेल्या पितळी पुंगळ्या डोमाकडे आणून देत. तो बुडाची ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढी, नवी बसवी, सोनाराच्या काट्यावर दारू तोलून आत घाली आणि वरून गोळी दाबून बसवी. काम चालू असताना मी दारातून हाक मारली तरी ओ देत नसे.

एका उन्हाळ्यात त्याने मला तळ्याच्या पाळीवर नेलं. गुणवंतराव त्यांची रायफल घेऊन आले होते. हे पूर्वीचे मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार. मालगुजारी गेली होती, पण शिकारीचा शौक तसाच होता. डोमाने एकाच मापाची सहा काडतुसं आणली होती. तीन ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवलेली, तीन सकाळपासून टिनाच्या छपरावर तापलेली. गुणवंतरावांनी ती एकेक करून मातीच्या पाळीत झाडली. रायफलीचा मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, ओढून रिकामी पुंगळी काढल्याशिवाय दुसरी गोळी झाडता येत नाही. गार काडतुसांच्या पुंगळ्या बोल्ट ओढताच बाहेर पडल्या. तापलेल्यांच्या वेळी बोल्ट उघडेना. शेवटची पुंगळी तर नळीत गज घालून ठोकून काढावी लागली.

"थंडीत दारू हळू जळते, मास्तर," डोमा म्हणाला. "उनात तेच माप, पण जोर लय. पुंगळी फुगते आन् आत चिकटून बसते. म्हणून उन्हाळ्यात मी दारू कमी घालतो."

"जनावराले काय समजते उन्हाळा का हिवाळा!" गुणवंतराव हसून म्हणाले.

त्या दिवशी इसरूही आला होता. इसरू रानातल्या एका टोल्यावरचा, म्हणजे लहानशा वस्तीवरचा, गोंड. माग काढण्यात त्याच्यासारखा दुसरा नव्हता, म्हणून गुणवंतराव त्याला बरोबर नेत. डोमाचा तो एकुलता एक दोस्त. बाजाराच्या दिवशी यायचा, डोमाच्या ओट्यावर बसायचा. दोघं तासभर काही न बोलता बिडी ओढत, आणि मग इसरू उठून जायचा.

छप्पनच्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. पहाटेच्या गारठ्यात गुणवंतरावांच्या हातून एक सांबर जखमी होऊन निसटलं. भर बाजाराच्या दिवशी ते डोमाच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुह्या काडतुसात दम नाई. दारू वाढव."

"मालक, आता वाढवली तर उन्हाळ्यात धोका हाये."

"बोटं गेली तशी हिंमतबी गेली का रे तुही?"

चार माणसं हसली. डोमाचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्याने काट्यावर नेहमीपेक्षा जास्त दारू चढवून दहा काडतुसं भरली. बुडाशी लाखेचं लाल कडं काढलं आणि स्वतः नेऊन दिली. "होळीच्या आत उडवा," त्याने बजावलं, "उरली तर मले वापस द्या."

होळी झाली. चार काडतुसं उरली आहेत हे त्याला गुणवंतरावांच्या गड्याकडून कळलं होतं. ती मागायला तो दोनदा त्यांच्या वाटेने गेला आणि दोन्ही वेळा दारावरून परतला. पुन्हा कोणी हसेल, एवढंच त्याला वाटलं. हे त्याने मला फार पुढे सांगितलं.

मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या दोन बायांना अस्वलाने फाडलं. लोक गुणवंतरावांकडे गेले. ते जीप घेऊन निघाले, वाटेत इसरूला आणि रान उठवायला काही हाकाऱ्यांना घेतलं. काडतुसांचा डबा जीपच्या बॉनेटवर उन्हात पडून होता, सकाळी दहापासून दुपार कलेपर्यंत. अस्वल नाल्याच्या काठी सापडलं. गुणवंतरावांनी गोळी घातली. अस्वल पडलं, पण उठलं आणि सरळ अंगावर आलं. गुणवंतराव बोल्ट ओढत राहिले. बोल्ट उघडेना. इसरू कुऱ्हाड घेऊन मध्ये गेला.

हाकाऱ्यांनी आरडाओरड करून, काठ्या मारून अस्वल हटवलं, तेव्हा इसरूचा चेहरा उरला नव्हता. अस्वल दुसऱ्या दिवशी तिथेच जवळ मेलेलं सापडलं.

अडकलेली पुंगळी काढायला रायफल डोमाकडे आली. मी समोरच होतो. त्याने गज घातला, लाकडी हातोडीने ठोकलं. पुंगळी खाली पडली. बुडाशी लाल कडं होतं. डोमाने ती उचलली.

"माहीच हाये," तो एवढंच म्हणाला.

इसरू वाचला. चांद्याच्या दवाखान्यात दोन महिने राहून परत आला. एक डोळा गेलेला, नाक नाही, जबडा एका बाजूला ओढलेला. पातळ पेजेशिवाय काही गिळता येत नसे, आणि बोललेलं कोणाला कळत नसे. गुणवंतराव सगळ्यांना सांगत, "अस्वलाची जातच तशी." डोमाचं नाव कोणी घेतलं नाही. तो दर आठवड्याला तांदळाची कणी घेऊन नऊ मैल चालत इसरूच्या घरी जाई. इसरूची बायको सोमारी त्याला मोहाच्या झाडाखाली बसायला खाट टाकी, पाणी देई.

वर्षभराने एकदा तो मला सोबत घेऊन गेला. का, ते त्याने सांगितलं नाही. पाणी पिऊन झाल्यावर त्याने लोटा खाली ठेवला.

"सोमारीबाई, ते काडतूस मी भरलं होतं. दारू जास्त घातली होती. उन्हाळ्यात चालत नाई, हे मले मालूम होतं. म्हणून बंदूक अडकली."

सोमारी दोन पावलं जवळ आली.

"मालूम होतं?"

"हो."

"अस्वलानं केलं म्हणून आमी देवाले बकरा देल्ला," ती हळू म्हणाली. "मनातून काढून टाकलं. आता काय करू? मानसासाठी कोनता देव हाये?" मग तिने लोटा उचलला. "सांगतलं नसतं तं बरं झालं असतं, भाऊ. आता येऊ नको."

दारात इसरू बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. हात वर करून तो काहीतरी बोलला, लांबलचक, दमून दमून. सोमारीने मान फिरवली. आम्ही निघालो.

"काय म्हणाला तो?" मी वाटेत विचारलं.

"समजलं नाई," डोमा म्हणाला. पुढे दोन मैल गेल्यावर तो थांबला. "शिवी देल्ली असल तं बरं हाये, मास्तर. माफ केलं असल, तं मी काय करू?"

त्यानंतर त्याने एकही काडतूस भरलं नाही. गुणवंतरावांनी दुसरा माणूस शोधला. डोमा मागच्या खोल्यांना कुलूप लावून बल्लारपूरला गेला आणि कागदाच्या कारखान्यात बांबू उतरवायच्या कामावर लागला.

अठ्ठावनच्या पावसाळ्यात इसरू तापाने गेला. मी बल्लारपूरला जाऊन डोमाला ते सांगितलं. त्याच्या अंगावर बांबूची कुसं चिकटलेली, केस पांढरे झालेले. त्याने ऐकून घेतलं.

"सोमारी कुठी हाये?"

"भावाकडे गेली म्हणतात."

त्याला आणखी काही विचारायचं असावं. इसरू त्या दिवशी काय बोलला, ते ठाऊक असलं तर आता तिलाच होतं. पण बांबूचा डबा रुळावर येऊन लागला होता आणि मुकादम हाका मारत होता. डोमाने खांद्यावर फडकं टाकलं आणि तो निघून गेला.