टाकीचा इन्स्पेक्टर

मी इन्स्पेक्टरच्या परीक्षेला बसतोय ही गोष्ट मी ओमानहून फोनवर फक्त बायकोला सांगितली होती, आणि वर बजावलं होतं की पास होईपर्यंत कुणाला बोलू नको. तिने ती फक्त माझ्या वडिलांना सांगितली. वडिलांनी मेंढरं चारताना जो भेटेल त्याला सांगितली. मी सुट्टीवर आलो तोवर ती कुरुंद्याच्या बाजारापर्यंत पोचली होती. वाटेत कुठंतरी 'टाकीचा' हा शब्द तेवढा गळून पडला होता.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारचे काका दारात उभे.

"साहेब, आमची शेळी गेली बघा चोरीला. परवाच्याला."

"काका, मी पोलिसातला इन्स्पेक्टर न्हाई. तेलाच्या मोठमोठ्या टाक्या राहतात ना, त्या तपासायचं काम हाय."

काका जरा विचारात पडले. "मंग त्या टाकीतलं तेल चोरीला गेलं तर कोन बघतं?"

"पोलीस."

"मंग तू काय बघतो?"

"टाकी गळती का, ते."

"आन त्याच्यासाठी परीक्षा लागती व्हय?"

लागते, आणि पहिल्या खेपेला मी तिच्यात नापास झालोय, हे काही मी काकांना सांगितलं नाही. वडील मागेच बसले होते. त्यांचा चेहरा इतका खुश होता की तो उतरवायची माझी छाती झाली नाही.

मी मूळचा फिटर. वसमतला आयटीआय केलं, एका साखर कारखान्यात मळीच्या टाकीच्या कामावर दोन हंगाम काढले, आणि त्या अनुभवावर ओमानला गेलो. तिथल्या टाक्या बघून पहिल्यांदा मान दुखली होती. आमच्या गावची शाळा मैदानासकट आत मावावी, एवढी एकेक. आधी तळाला लोखंडी पत्रे अंथरायचे, ते वेल्डिंगने जोडायचे, मग कडेनं एकावर एक पत्र्यांची कडी चढवायची. ऊन वरून सूर्याचं आणि खालून पत्र्याचं. मधे आपण.

इन्स्पेक्टर व्हावं असं का वाटलं, याचं खरं कारण मी मुलाखतीत कधीच सांगत नाही. आमच्याकडे जो इन्स्पेक्टर यायचा तो थंडगार गाडीतून उतरायचा. अर्धा तास बॅटरी मारत फिरायचा, तीन ओळी लिहायचा आणि निघून जायचा. त्या तीन ओळींपायी आम्ही आठ दिवस उन्हात लोंबकळायचो. मला वाटलं, हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे. मग परीक्षेचं पुस्तक हातात आलं आणि कळलं, त्याच्या त्या अर्ध्या तासामागे किती पानं होती.

बायको गावातल्या अंगणवाडीत सेविका. लेकरांना बडबडगीतं शिकवणाऱ्या बाईने नवऱ्याला हातात घेतलं. प्रश्नांच्या झेरॉक्स मी तिला आधीच पाठवून दिल्या होत्या. शुक्रवारी मला सुट्टी असायची. फोन स्पीकरवर टाकून ती इंग्रजी प्रश्न वाचायची, मी उत्तर द्यायचं.

"करोना रेट किती धरायचा?"

"करोना न्हाई गं, करोजन. गंज."

"मंग सरळ गंज लिहायला काय झालं होतं त्यांना? सांगा, किती?"

मी सांगायचो.

"चूक. इथं दुसरं लिहेल हाय. लक्ष कुठं हाय तुमचं? हात वर करून बसा."

तिला सवयच ती. आणि खरं सांगतो, खोलीत एकटा असताना मी एकदोनदा हात वर केलाही.

खोलीत एकटा म्हणजे कधीमधीच. माझ्यासोबत निजामाबादकडचे एक वेल्डर राहायचे. वडिलांच्या वयाचे, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांची दख्खनी बोली ऐकली की मला हिंगोलीच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटायचं. स्वयंपाक ते करायचे, भांडी मी घासायचो. मी पुस्तक उघडलं की ते म्हणायचे, "पढो मियाँ, पढो. लोहा पढने से नरम नै होता."

सुट्टी संपवून मी परत गेलो, आणि आठवडाभरातच एका टाकीच्या तळाची तपासणी निघाली. वेल्डच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावायचं, त्यावर काचेची पेटी दाबून ठेवायची आणि पेटीतली हवा ओढून घ्यायची. सांध्यात छिद्र असेल तर फेसात बुडबुडा फुगतो. खरा इन्स्पेक्टर येण्याआधी ही तपासणी आम्हीच करून घ्यायचो. मी गुडघ्यावर बसून एकेक पट्टा पुढे सरकत होतो. तीन पत्रे जिथे मिळतात, अशा एका कोपऱ्यावर मोहरीएवढा बुडबुडा आला. फुटला. परत आला.

तो सांधा चाचांचा होता.

आता इथे जरा अक्कल वापरायला हवी होती. पण पुस्तक वाचून वाचून माझ्यात पास होण्याआधीच इन्स्पेक्टर संचारला होता. मी पिवळ्या खडूने भलंमोठं वर्तुळ काढलं आणि चार हेल्परांसमोर मोठ्याने ओरडलो, "चाचा, लीक है! आपका है!"

चाचा आले. वाकून बघितलं. "साबुन का बुलबुला है."

"फिरसे आया चाचा."

"पैले पास तो हो जा मियाँ," एवढं बोलून ते गेले.

पुढचे चार दिवस त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नाही. स्वयंपाक करायचे, पण एका माणसाचा. मी दुकानातली रोटी आणि कांदा खाऊन राहिलो. शुक्रवारी बायकोने प्रश्न वाचायला घेतले तर माझं एकही उत्तर धड येईना.

"काहून असं करून राहिले? तब्येत बराबर न्हाई का?"

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खूण केली ते बराबर केलं. पन आता त्यांची माफी मागा."

"चुकलो न्हाई तर माफी कशाची?"

"छिद्राची न्हाई. वरडायची. मी वर्गात लेकराची चड्डी वली झाली म्हनून असं वरडून सांगितलं असतं, तर ते लेकरू दुसऱ्या दिवशी आलं असतं का?"

चाचांची तुलना ज्या लेकराशी झाली ते त्यांना कळू न देता मी त्याच संध्याकाळी माफी मागितली. ते कांदा चिरत होते. चिरतच राहिले. मग म्हणाले, "पैंतीस साल हुए वेल्डिंग कू. किसी ने ऐसा नै बोला."

"हौ चाचा. बोलने का तरीका गलत था मेरा."

"छेद सही था," ते म्हणाले, आणि दोन ताटं काढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वेल्ड घासून काढलं, नव्याने भरलं आणि मला हाक मारली. बुडबुडा नव्हता. मी उठायला लागलो तर त्यांनी खांदा दाबून मला परत बसवलं. "अब मेरे सब जोड देख. एक बी नक्को छोड." तो सगळा तळ मी गुडघ्यांवर फिरलो, आणि ते सोबत चालत होते. कुठे पत्रा तापून वर उचलतो, कुठे गंज आधी धरतो, नवशिका वेल्डर हात कुठे थांबवतो, हे ते बोटाने दाखवत गेले. पुस्तकातल्या ज्या प्रकरणाला मी घाबरायचो ते त्या दोन दिवसांत माझ्या गुडघ्यांतून डोक्यात गेलं. पुढे टाकी पाण्याने भरून बघितली. थेंब गळला नाही.

दुसऱ्या खेपेला मी पास झालो. निकाल आला तेव्हा बायको अंगणवाडीत खिचडी वाढत होती. फोनवर मला आधी लेकरांच्या टाळ्याच ऐकू आल्या. तिनेच त्यांना वाजवायला लावल्या होत्या. कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण वाजवल्या जोरात.

चाचा त्याच वर्षी कायमचे घरी परतले. मी दुसऱ्या कंपनीत इन्स्पेक्टर म्हणून लागलो. थंडगार गाडी मिळाली. पण तळ बघायला अजून गुडघेच टेकावे लागतात, हे त्या जुन्या इन्स्पेक्टरने कधी कळू दिलं नव्हतं.

गेल्या सुट्टीत चाचांचा फोन आला. "मियाँ, छत की टंकी टपक रई. तू आके देख."

मी आणि बायको रेल्वेने निजामाबादला गेलो. गच्चीवर पाचशे लिटरची काळी प्लास्टिकची टाकी. नळाचा वायसर झिजला होता, पाच मिनिटांत बदलला. खाली बायको आणि चाचीचं भाषेवाचून छान जमलं होतं. जेवायला बसणार तेवढ्यात चाचांनी कागद आणि पेन पुढे केलं.

"पैले रिपोर्ट लिख."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग मी नीट लिहिलं: टाकी तपासली, वायसर बदलला, गळती नाही. खाली सही केली. त्यांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि मगच माझ्या ताटात भात वाढला.