उतारावरची चावी

पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. प्रमिला शीद डोक्यावर चुंबळ ठेवते, तिच्यावर स्कूटरची बॅटरी चढवते आणि वाडीची पायवाट उतरायला लागते. किन्हवलीजवळच्या या ठाकरवाडीपर्यंत गाडीरस्ता नाही. स्कूटर खाली डांबरी रस्त्यालगत, दिराच्या मोटरसायकलशेजारी छपराखाली उभी असते. तिथे वीज नाही; रात्री बॅटरी चार्ज करायची तर घरातच, म्हणून ती रोज हंड्यासारखी वर जाते आणि खाली येते.

"हंडा बरा गो," सासू ठकी दारातून म्हणते. "सांडला तर हलका तरी व्हतो."

प्रमिला मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करते. वर्षभर ती दुपारच्या पाळीला एसटीने जायची. दिवाळीनंतर कंत्राटदाराने बायकांची ती पाळी बंद केली. सकाळी साडेसहाला तव्यापुढे जी उभी असेल ती राहील, बाकीच्या घरी. तेवढ्या लवकर पोचणारी एसटी नाही. शहापूरहून वापरलेली इलेक्ट्रिक स्कूटर घेतली ती एवढ्यासाठी.

चालवायला दिराने शिकवलं, भगीरथने. उतार लागला की इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायची, ही इकडच्या मोटरसायकलवाल्यांची जुनी सवय. पेट्रोल वाचतं. मागचा दिवा बंद होतो, ब्रेक मारलेला मागच्याला कळत नाही, याचा विचार कोणी करत नाही. भगीरथने तेच शिकवलं. "उतार आला का चावी बंद, वैनी. फुकट जाता येतं तवर फुकट जायाचं."

किन्हवली ते मुरबाड रस्ता चढउतारांचा. प्रमिला प्रत्येक उताराला चावी बंद करायची, खाली पोचली की सुरू करायची. तरी पहिल्या आठवड्यात स्कूटर दोनदा सरळगावच्या पुढे थांबली. वाडीत रात्री वीज कमी दाबाने येते, बॅटरी पूर्ण भरत नाही, म्हणून असेल असं तिला वाटलं. काल तिसऱ्यांदा थांबली. ढकलत कारखाना गाठला तेव्हा नाश्ता उरकला होता.

"उद्या उशीर झाला तर येऊच नको," सुपरवायझर विनोद म्हणाला. "दुसरी बाई बघून ठेवलीय."

पण त्याआधी, ढकलताना दम घ्यायला थांबली असता तिने चावी फिरवून पाहिली होती. हँडलमधला छोटा पडदा उजळला. कोपऱ्यात 'पॉवर' अशी अक्षरं. निघताना तर तिने स्वतः 'इको', म्हणजे बॅटरी कमी खाणारं बटण, लावलं होतं. तिने इको लावलं, चावी बंद करून पुन्हा सुरू केली. परत पॉवर. चावी बंद झाली की इको जात होतं, आणि पुढचा प्रत्येक चढ गाडी दुप्पट भुकेने चढत होती. उतारावर वाचवलेलं चढावर संपत होतं.

संध्याकाळी तिने भगीरथला गाठलं. "चूक तुमची हाय, भाऊजी."

"गाडी तुझी नि चूक माझी? वा गो वैनी!"

"ह्या गाडीची चावी उतारावर बंद करायची नाय."

"चालू ठेवलीस तर सरळगावबी लागायचं नाय. वाटंतच बसशील."

"बसले तर ढकलाया तुमालाच बोलवीन."

आज पहिल्या उतारावर तिचा हात सवयीने चावीकडे गेला. तिने तो परत मुठीवर आणला. वेग ब्रेकने धरला, नजर कोपऱ्यातल्या इकोवर. दुसरा उतार, तिसरा. सरळगाव गेलं. काल जिथे थांबली होती तो मैलाचा दगड गेला. पडद्यावर चार्जच्या दोन काड्या अजून शिल्लक होत्या. कारखान्याच्या फाटकाशी आली तेव्हा एक उरली होती. घड्याळात सहा वीस.

विनोद पायरीवर चहा पीत होता. "आज धक्का नाय मारलास?"

"धक्का माराया दुसरी बाई बघितलीय ना तुमी?"

विनोदने कप खाली ठेवला. "चल, तवे पेटव."

बॅटरी कोठारातल्या प्लगला लावून तिने तवे पेटवले. दुपारी निघताना कॅन्टीनच्या फळ्यावर उद्याची पाळी लिहून झाली होती. पहिला तवा, सकाळी साडेसहा: प्रमिला शीद.