घोट्याएवढं पाणी

मधुकरराव वैरागड्यांना आपल्या मुलीचा अभिमान फार. लग्नात, मयतीत, बँकेच्या रांगेत, जिथे माणूस भेटेल तिथे ते तिचा विषय काढणार म्हणजे काढणार. त्या जानेवारीत मात्र त्यांना तिची भीती वाटायला लागली होती. कारण सरळ होतं. सप्टेंबरात नाल्याला पूर आला तेव्हा आपल्या घरात किती पाणी शिरलं, हे त्यांनी तिला खोटं सांगितलं होतं. आणि ही मुलगी पुराचं पाणी कुणाच्या घरात किती चढलं, तेच मोजत शहरभर फिरत होती.

आधी मुलगी कशी आहे ते सांगायला हवं. अबोली हे नाव तिच्या आईनं, पुष्पलताबाईंनी, मोठ्या हौसेनं ठेवलेलं. नावाचा आणि पोरीचा पुढे काही संबंध राहिला नाही. बोलायला लागली ती प्रश्नांनीच, आणि प्रश्न एकच: हे पाणी कुठं जाते? मोरीचं पाणी, गल्लीतलं पाणी, छतावरचं पाणी, सगळ्यांची चौकशी. शाळेत असताना एकदा भर पावसात ती अनवाणी घरी आली. गटाराच्या लोंढ्यात एक चप्पल वाहून गेली होती.

"अन् दुसरी काहून नाही आणली वं?" मधुकररावांनी विचारलं.

"ती मीच सोडली. पहिली कुठं गेली ते पाहाले."

"मग? दिसलं?"

"हो. पार पुलाखाली गेली. दोन्ही तिथंच अडकल्या, पण हात नाही पुरला."

रागवावं की हसावं ते मधुकररावांना कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी चप्पल आणली आणि ही पायातच राहिली पाहिजे असं बजावलं. पण त्या दिवसापासून त्यांनी पोरीचं पाणी जोखलं. ही साधी नाही, हे त्यांनी बायकोलाही सांगून टाकलं.

मोठी झाल्यावर तिनं भूगोल घेतला. नातेवाइकांनी नाकं मुरडली, भूगोलात काय ठेवलं आहे म्हणाले. तिनं लक्ष दिलं नाही. लोक ज्या नाल्यांवरून नाक धरून जातात त्या नागपुरातल्या नाल्यांवर तिनं डॉक्टरेट मिळवली आणि रामदासपेठेतल्या एका कॉलेजात शिकवायला लागली. लग्न झालं, शहराच्या दुसऱ्या टोकाला संसार थाटला. तरी रविवारी आईच्या हातची भाकर खायला येताना वाटेतला प्रत्येक पूल थांबून बघायची सवय काही सुटली नाही. जावई बिचारा स्कूटर चालू ठेवून उभा राहायचा.

सप्टेंबरातल्या त्या पुरानंतर मात्र या बाईनं जे काम केलं ते बघून नाकं मुरडणारेही गप्प झाले. पूर ओसरला की भिंतीवर गाळाची एक रेघ राहते. पाणी कुठवर चढलं त्याची ती सही. अशा रेघा घरोघरी मोजून, प्रत्येकीची उंची एकाच पातळीपासून काढून एकमेकींना जोडल्या, की त्या दिवशी पाणी कसं आणि कुठवर उभं होतं ते नकाशावर दिसतं. पुढचा पूर कुणाच्या दारात येणार याचाही अंदाज त्यावरून बांधता येतो. पण दिवाळी तोंडावर आली होती, आणि दिवाळीला रंग दिल्याशिवाय आपल्याकडे घराला घर म्हणत नाहीत. जो तो भिंती घासून, पुट्टी मारून रेघ पुसायच्या मागे. पुसली की गेली, शहराच्या आठवणीतूनही गेली.

अबोलीनं काय करावं? तिनं पेंटर गाठले. नाल्याकाठच्या वस्त्यांमधून रंगाची कामं घेणारे बळीरामभाऊ आणि त्यांचे सोबती, सगळ्यांना आपला फोन नंबर दिला आणि विनंती केली की भिंतीला हात लावण्याआधी मला बोलवा. मग तिचा फोन वेळी-अवेळी वाजायचा. "मॅडम, या लवकर. पुट्टी कालवून राहिलो." की निघाली बाई हातातला घास टाकून. पेंटर घमेलं घेऊन ताटकळत उभा, घरमालकीण कुरकुरत उभी, आणि ही भिंतीशी ओणवी होऊन गाळाच्या रेघेला टेप लावते आहे. महिनाभर हेच. दिवाळीत तिच्या स्वतःच्या घरी ना फराळ झाला, ना रंग.

लोकही एकेक नमुने. ज्याला भरपाई हवी तो हात गळ्यापाशी नेऊन दाखवी, ज्याला घर विकायचं तो गुडघ्यापाशी. एकानं तर हळूच सांगितलं, "रेघ लिहा, पण घराचा नंबर नोका लिहू जी."

"काका, पाणी नंबर वाचून येते का?" अबोली म्हणाली. तोही हसला, आणि नंबर लिहू दिला.

तिचा नियम कडक होता. लोकांचे हात खालीवर होतात, रेघ होत नाही. म्हणून ऐकीव काही लिहायचं नाही, डोळ्यांनी दिसेल आणि टेपनं मोजता येईल तेच लिहायचं. एवढ्या मोठ्या कामात हा नियम फक्त एका घराबाबत मोडला गेला. ते घर तिच्या बापाचं.

झालं होतं असं, की पूर आला तेव्हा ती पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला हैदराबादला गेलेली. दुपारी कसाबसा फोन लागला. "बाबा, किती पाणी आलं घरात?" पोरीचा आवाज रडवेला. मधुकररावांच्या तोंडून निघून गेलं, "घोट्याएवढं. पुसलं बी." दूर असलेल्या लेकीला दुसरं काय सांगणार? हे खोटं बापाच्या मायेचं होतं, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण खोट्याची गंमत अशी, की एकाला एकटं करमत नाही. ती परत यायच्या आत त्यांनी फर्निचर भंगारात काढलं, खालच्या भिंतींना नवा गिलावा दिला, दारं बदलली. जन्म विजेच्या कामात गेलेला, त्यामुळे बोर्डही स्वतःच्या हातानं नवे बसवले. वर "तसंही जुनंच झालं होतं सगळं," असं सांगितलं. आणि शेवटी जोत्याचा दाखला दिला. घर बांधल्यापासून मधुकरराव सांगत आले होते की या ले-आउटातल्या घरांत आपल्याएवढं उंच जोतं कुणाचंच नाही. अबोली ते ऐकतच मोठी झालेली. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे तिनं छातीइतक्या रेघा मोजल्या, आणि मधल्या आपल्या घराबद्दल बापाचा शब्द खरा मानून लिहिलं: घोट्याएवढं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

इथवर ठीक होतं. पण म्हातारा-म्हातारी वरच्या मजल्यावर राहायला गेली आणि खालचा मजला रिकामा झाला. मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या सुरुचीताईंना तो पसंत पडला. शिकायला आलेल्या मुली तिथं राहणार, झोपणार. त्यांनीही विचारलं पाण्याचं. मधुकररावांनी तेच उत्तर दिलं. या वेळी त्यात माया नव्हती, सोय होती.

पुष्पलताबाईंना ते रुचलं नाही. "अहो, लोकाच्या पोरी आहेत त्या."

"असा पूर काय दरसाल येते?" मधुकरराव म्हणाले. पण त्या रात्रीपासून त्यांचं जेवण कमी झालं.

आणि मग जानेवारीतल्या एका रविवारी अबोली आली ती तिपाई आणि उंची मोजायचं यंत्र घेऊन. गल्लीतल्या सगळ्या जोत्यांची उंची घ्यायची राहिली होती म्हणाली. "बाबा, जरा पट्टी धरता का?"

मधुकररावांनी आपल्याच उंबऱ्यावर ती आकडे लिहिलेली उंच पट्टी धरली. अबोली समोरच्या यंत्राला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिली. मग तिनं सामान आवरलं, आत येऊन बसली आणि पाणी मागितलं.

"बाबा, आपलं जोतं शेजाऱ्यापेक्षा दोन विटाच उंच आहे."

मधुकररावांनी पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला.

तिनं लॅपटॉप उघडून नकाशा दाखवला. नाल्याच्या काठानं पुराची निळी रेघ सरळ उतरत गेलेली, आणि त्यांच्या घरापाशी एकदम खड्ड्यात पडलेली. "पाणी असं उभं राहत नाही. आजूबाजूले छातीइतकं अन् मधात घोट्याएवढं, असं होतच नाही. मी हा नकाशा सगळ्याले दाखवला. टाळ्या घेतल्या. अन् एकदा बी माझ्या ध्यानात नाही आलं."

आता ती आपल्याला खोटारडा म्हणणार, या तयारीनं मधुकरराव बसले होते. उत्तरंही योजून ठेवली होती. पण पोर वेगळंच बोलली.

"चूक माझी आहे. मी मोजलं नाही, ऐकून लिहिलं. ज्यायले ज्यायले नकाशा देला, त्या सगळ्यायले तसं लिहून पाठवते आता."

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे खोटं बापाचं आणि कपाळ लेकीचं! आयुष्यात पहिल्यांदा मधुकररावांना तिच्यापुढं आपण फार लहान आहोत असं वाटलं. आणि त्यातही, ही अशी निपजली याचा अभिमान दाटून आला, तोही लपवता येईना.

अबोली उठून खालच्या खोल्यांमधून फिरली. बोर्डाचं झाकण काढून आत बघितलं, दारामागं बघितलं, खिडकीच्या गजांच्या सांदीत बोट फिरवलं. गाळाचा कण नाही. "काम एकदम पक्कं केलं तुम्ही बाबा," ती म्हणाली आणि चक्क हसली. "या घरात आता पुराची एक खूण उरली नाही."

"उरली आहे," मधुकरराव म्हणाले.

ते खालच्या जुन्या स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशेजारच्या भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले. पुष्पलताबाई दारातच थांबल्या.

"ये. माप. मी इथंच उभा होतो. तुझ्या आईले ओट्यावर चढवलं, दोघं काही मावत नव्हतो. जिना बाहेरून, अन् अंगणात पाण्याले अशी ओढ, की पाय टाकाची हिंमत नाही झाली. मग तिचा हात धरून इथंच राहिलो. पाणी चढते का उतरते, ते शर्टाच्या बटणावर पाहून राहिलो होतो. खालची बुडाली. मग तिसरं बुडालं, मग दुसरं." त्यांनी छातीवरच्या, वरून दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं. "इथं थांबलं. लय वेळ थांबलं. मग तिसरं बटण परत दिसलं, तवा मी तुझ्या आईले म्हटलं, आता पोरगी भेटते वं आपल्याले."

पुष्पलताबाईंनी पदर तोंडाला लावला. अबोलीच्या हातात टेप होती, पण तिला आकडे दिसेनात. शहरातल्या कितीतरी भिंतींपुढं न डगमगलेली बाई बापाच्या सदऱ्यापुढं उभी राहून हमसाहमशी रडली. रडून झाल्यावर नाक पुसलं आणि म्हणाली, "हलू नका. ताठ राहा." तिच्या रडण्यानं नियम बदलत नव्हता.

बटणाच्या सरळ रेषेत तिनं भिंतीवर पेन्सिल टेकवली. मधुकरराव बाजूला झाले. ती रेघ नीट ओढायला भिंतीच्या अगदी जवळ गेली, आणि मधुकररावांनी पहिल्यांदा ती रेघ दुसऱ्या कुणाच्या अंगावर बघितली. अबोली आईच्या अंगानं गेलेली, बापाच्या खांद्याला जेमतेम लागणारी. त्यांच्या छातीवरची रेघ तिच्या ओठांवरून जात होती.

ते तसेच बघत राहिले. अबोलीनं टेप लावली, आकडा आईला वाचायला सांगितला, स्वतः पुन्हा वाचला, लिहिला. सुरुचीताईंचं नाव तिनं काढलं नाही, बापाला एक शब्द शिकवला नाही. मधुकररावांनी खिशातून फोन काढला आणि तिथंच उभं राहून लावला.

"सुरुचीताई, मी वैरागडे. खालचा मजला पोरीयले झोपाले नाही देत मी."

पलीकडून आवाज चढला. सगळं ठरलं होतं, मुली यायच्या होत्या, आता ऐन वेळी काय झालं, असं काहीतरी. मधुकररावांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"घोट्याएवढं म्हणालो होतो, ते खोटं होतं," ते म्हणाले. "आमची अबोली बुडते तिथं."