न वाचता उघडलेले पत्र

तिची पत्रे कोणी उघडत नाही, असे मी आमच्या मालकांना सांगितले, तेव्हा तसे दाखवणारा आकडा खोटा आहे हे मला ठाऊक होते. ही गोष्ट मी बराच काळ कोणाला कळू दिली नाही.

मुळशीत आंबेमोहोर तांदूळ पिकवून थेट ग्राहकांना पाठवणाऱ्या एका शेतकरी कुटुंबाकडे मी विक्रीचे काम पाहतो. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ग्राहकांना दर पंधरवड्याला आमचे पत्र ईमेलने जाते. पूर्वी ते मीच लिहीत असे. मग ती आली. हिंजवडीतल्या एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागातली नोकरी सोडून, रोज नेऱ्याहून स्कूटीवर यायची. वयाने माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. अण्णांनी काम वाटून दिले: घरगुती ग्राहक माझ्याकडे, कारखान्यांची कँटीन तिच्याकडे.

माझ्या पत्रात फोटो आणि सवलती असत. तिच्या पत्रात एकही चित्र नसे. शेतावर त्या आठवड्यात काय घडले, एवढेच चार परिच्छेद. चहाच्या वेळी अण्णा तिला म्हणायचे, "वाच की गं, आज काय लिवलंस?" ती वाचायची आणि कार्यालय हसायचे. इतक्या वर्षांत मला कोणी वाचायला सांगितले नव्हते. मी कप उचलून बाहेर जाई आणि केव्हाच निवलेल्या चहावर फुंकर घालत बसे.

माझा दिलासा पडद्यावरच्या आकड्यांत होता. अशा प्रत्येक ईमेलमध्ये डोळ्यांना न दिसणारे, ठिपक्याएवढे एक चित्र दडवलेले असते. पत्र उघडताना ते चित्र आमच्याकडून मागवले जाते आणि त्या ग्राहकाच्या नावापुढे 'उघडले' अशी खूण होते. माझ्या ग्राहकांपुढे खुणाच खुणा. तिचा रकाना जवळपास रिकामा. सोमवारी सकाळी मी माझ्या आकड्याआधी तिचा आकडा पाहत असे, हे लिहिताना आजही मान खाली जाते.

भातलावणीआधीच्या चिखलणीच्या दिवसांत ती एकदा रजेवर होती, म्हणून मी तांदळाचा नमुना द्यायला पिरंगुटच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये गेलो. तिथल्या व्यवस्थापकांनी नमुन्याकडे पाहिलेच नाही.

"आधी त्या बैलाचं सांगा. काटा निघाला का?"

"कोणता बैल?"

"घ्या! तुमच्याच पत्रात हाय ना. खुरात काटा गेला, चिखलणी अडली. मी हितं सगळ्यांना वाचून दावतो."

मागे कणीक मळणारी बाई मान वर न करता म्हणाली, "सायेब तांदूळ इकत्यात, बैल कशाला वळखतील?"

सगळे हसले. "निघाला काटा," मी ठोकून दिले. तिचे एकही पत्र मी वाचले नव्हते. मत्सराने मी ती उघडतच नसे.

या गृहस्थांच्या नावापुढे आमच्याकडे कधीच खूण झाली नव्हती. पत्र उघडता कुठे, असे मी सहज म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. "कंपनीनं ईमेलातली चित्रं बंद केल्यात. व्हायरस येतो म्हनं. अक्षरं तेवढी दिसत्यात." चित्र मागवलेच जात नव्हते, म्हणून अख्ख्या स्वयंपाकघराने ऐकलेले पत्र आमच्या हिशेबी बंदच होते.

परत आल्यावर मी तिच्या त्याच पत्राचा तक्ता काढला. पत्राची एक प्रत आम्हा कर्मचाऱ्यांनाही जाते. माझ्या नावापुढे खूण होती: उघडले. माझ्या फोनमधले ॲप आलेल्या पत्रांतली चित्रे आपणहून आधीच मागवून ठेवते, हे मला तेव्हा शोधल्यावर कळले. न वाचणारा मी वाचक ठरलो होतो. मग माझ्या त्या भरगच्च खुणांत माझ्यासारखे किती? तो प्रश्न सहन होईना. मी पडदा बंद केला आणि गप्प राहिलो.

दिवाळीच्या तोंडावर अण्णांनी विचारले, "दोन-दोन पत्रं कशापायी? लोक वाचत्यात कुनाचं?"

मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हिचं कुनीच उघडत न्हाई व्हय?"

"आकडा तरी तसंच म्हणतो, अण्णा."

तो 'तरी' मी स्वतःला वाचवायला घातला होता. तिने माझ्याकडे पाहिले. "खरंच, सर? एकानेही नाही?" मी पडद्याकडे बोट दाखवले.

तिचे पत्र बंद झाले आणि घरगुती ऑर्डरींचा फोन तिच्याकडे आला. तक्रार न करता ती ते काम करू लागली. चहाच्या वेळचे वाचन थांबले. आता कँटीनलाही माझेच पत्र जाई आणि ते वाच, असे मला अजूनही कोणी म्हणत नव्हते. हेव्याचे कारण दूर झाले होते. हेवा जागचा हलला नव्हता.

पुढच्या वर्षीच्या लावणीत एका दुपारी चहा पिताना ती म्हणाली, "अण्णा, मी महिनाअखेर जाते. जुन्या कंपनीत बोलावलंय."

"का गं? हितं काय कमी हाय?"

"लिहायला म्हणून आले होते. मला लिहिता येत नाही हे कळलं. मग उगाच कशाला राहू?"

हे ती कोणाला टोचावे म्हणून बोलली नव्हती. तिने ते मनापासून मान्य केले होते आणि ते तिला मी पटवून दिले होते. मी कप खाली ठेवला.

"अण्णा, ते आकडे खोटे होते. मला तेव्हाच माहीत होतं."

"म्हंजी?" अण्णांनी विचारले.

मी कँटीनमधला संगणक सांगितला, माझा फोन सांगितला. मग तिच्याकडे वळलो.

"पिरंगुटला तुमचं पत्र मोठ्यानं वाचत होते. बैलाचा काटा निघाला का, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी निघाला म्हणालो. खरं काय झालं, हे मला आजही माहीत नाही, कारण मी ते पत्र वाचलंच नव्हतं. माझं लिहिलेलं कोणी असं वाचत नाही, म्हणून तुमचं वाचतात हे मी लपवलं. मी तुमचा हेवा केला. माझं चुकलं. मला क्षमा करा."