पट्टीची चव

गुरुजींनी माझं तोंड बोटांनी उघडलं नाही. लाकडी पट्टीनं उघडलं.

तिसरीत होते. घर तळेघरच्या वरच्या वाडीत, शिकायला जुन्नरला मामाकडे. त्या दिवशी दातांच्या निगेचा धडा होता. गुरुजींनी मला पुढं बोलावलं, पट्टीनं वरचा ओठ वर सारला आणि वर्गाला म्हणाले, "बघा रे, हे डोंगरातले दात."

माझे दात काळे होते. आमच्या घरी सगळेच मशेरी लावायचे. तंबाखू तव्यावर भाजून काळी करायची, कुटायची, सकाळी बोटानं दातांवर चोळायची. आई माझ्याही बोटावर चिमूट ठेवायची. ती वाईट असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींनीही सांगितलं नाही. दात दाखवून झाल्यावर त्यांनी पट्टी माझ्याच फ्रॉकला पुसली.

खडू, शाई, मळ. ती चव अजून तोंडात येते.

आता मी त्याच डोंगरात शिक्षिका आहे. वर्गाची यादी ठेवते. कुणाचा ब्रश कधी बदलला, कुणाची दाढ किडली, कुणाच्या घरी अजून मशेरी भाजतात. नावं लिहिलेले ब्रश खिडकीत उभे असतात. जेवण झालं की पोरं ओळीनं दात घासतात.

मागच्या महिन्यात शहरातून पाहुणे दातांचं शिबिर घ्यायला, पोरांना ब्रश वाटायला आले. खिडकी बघून त्यांच्या साहेबांचा चेहरा पडला. "हे आत ठेवा हो. ब्रश आधीच आहेत म्हटल्यावर आम्ही काय वाटतोय, असं दिसेल फोटोत."

मुख्याध्यापकांनी सगळे ब्रश एका पिशवीत कोंबले. ओले, एकमेकांना घासत. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही किळस येते.

मग साहेबांनी खिशातलं पेन काढलं. एका पोराचा ओठ पेनानं वर केला. फोटो. त्याच पेनानं दुसऱ्याचा. फोटो. मग काजलपुढं आले. तिच्या दोन दाढा किडलेल्या. "हिचे घ्या. असेच पाहिजेत."

काजल मागं सरली. "बाई, मी सकाळी घासल्यात." पेनाच्या टोकाला दोघांची थुंकी चमकत होती.

माझ्या तोंडात पट्टी आली.

"तोंड मीट, काजल," मी म्हणाले. "साहेब, पेन खिशात ठेवा."

मुख्याध्यापक कानाशी आले. "बाई, पावणं हायेत. एक फोटो तर हाय."

साहेब म्हणाले, "अहो, आम्ही यांना स्वच्छता शिकवायला आलोय."

मागून एक पोरगी ओरडली, "बाई, सायबांनी हात न्हाई धुतलं!" सगळा वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. सामान आवरलं.

मुख्याध्यापकांनी मला पाहुण्यांसाठी आभारपत्र लिहायला सांगितलं. लिहिलं नाही. भेटीच्या वहीत घडलं ते लिहिलं, खाली सही केली. नोटीस येईल म्हणतात. येऊ दे. पिशवीतले ब्रश फेकले, नवे आणले, नावं घातली.

या वर्गात हात धुतल्याशिवाय आणि पोराला विचारल्याशिवाय कुणाच्या ओठाला कुणी हात लावायचा नाही. गुरुजींनी नाही, साहेबांनी नाही. मीसुद्धा नाही.